कै. लोखंडे आणि कामगाराची शाश्वती

मालाचे पैसे कोणत्या तिथीस मिळणार हे ठरल्यावाचून आमचा व्यापारी वर्ग सौदा करीत नाही. मात्र ज्याचा माल म्हणजे केवळ स्वतःचे श्रम, त्या कामगाराने तोच प्रश्न विचारिला की तो उद्दाम ठरतो! मुंबईच्या गिरणगावात हा प्रश्न निर्भयपणे विचारणारे पहिले पुढारी कै. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे होत.

१८४८ साली जन्मलेले लोखंडे महात्मा जोतीराव फुले यांचे सत्यशोधक अनुयायी. रेल्वे व टपाल खात्यांत नोकरी केल्यावर ते एका गिरणीत स्टोअरकीपर झाले, आणि कामगारांची दैना त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, सुटीचा नेम नाही, पगार नेहमी थकलेला. आणि न कळविता नोकरी सोडल्यास थकलेला पगारही बुडावयाचा! १८८० पासून दीनबंधु पत्राच्या द्वारे त्यांनी या अन्यायास वाचा फोडिली.

सप्टेंबर १८८४ मध्ये परळास कामगारांची सभा भरवून त्यांनी सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन, या त्यातील मुख्य मागण्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. १८९७ साली प्लेगने लोखंडे निवर्तले. जखमींच्या भरपाईचा कायदा १९२३ साली व वेळेवर वेतनाचा १९३६ साली झाला. ते पाहण्यास ते राहिले नव्हते.

तथापि हे सर्व हक्क नोकरीच्या आधाराने उभे असतात. पुढे ज्या बदली कामगारास रोज सकाळी फाटकाशी उभे राहून आज काम आहे की नाही हे विचारावे लागे, त्यास सुटीचे काय कौतुक? आजचा कंत्राटी कामगार त्याचाच वारस होय. कायद्याच्या दृष्टीने मालक व मजूर करार करण्यास सारखेच स्वतंत्र असतील. पण एकास नफ्याची व दुसऱ्यास चुलीची चिंता असता ही समता नाममात्र होय.

सबब आमच्या व्यापारी बंधूंस आमची विनंती एवढीच की, आपल्या पेढीवरील नोकरास ठरल्या तारखेस पगार द्यावा, आणि दूर करणे भागच पडल्यास आगाऊ सूचना द्यावी. लोखंड्यांचे खरे स्मारक हेच होय.