निवेदकाला पडद्याआड नेणारी कथाकार

कॅथरिन मॅन्सफिल्डचा जन्म १८८८चा, न्यूझीलंडमधील वेलिंग्टनचा. घर सुखवस्तू होते, पण ओढ लंडनची. १९०८ मध्ये तिने मायदेश सोडला तो कायमचाच. १९११ मध्ये पहिला कथासंग्रह निघाला. त्यातील उपहास बोचरा खरा, मात्र लेखिका पात्रांपासून दूर उभी होती.

१९१५ साली धाकटा भाऊ लेस्ली सैन्यात असताना हातबॉम्बच्या सरावात ठार झाला. या आघाताने तिचे लेखन बालपणीच्या घराकडे वळले. 'प्रिल्यूड' ही दीर्घकथा १९१८ मध्ये व्हर्जिनिया व लिओनार्ड वुल्फ यांनी हाताने खिळे जुळवून छापली. एक कुटुंब गावाबाहेरच्या घरी राहायला जाते, एवढेच कथानक. परंतु निवेदन कधी चिमुरड्या केझियाच्या नजरेतून, तर कधी तिची आई लिंडा हिच्या मनातून सरकते. तृतीयपुरुष न सोडता वाक्यांचा सूर त्या त्या पात्राचा होतो. लिंडाच्या पतिप्रेमात तिरस्कारही मिसळलेला आहे. लेखिका त्यावर निवाडा देत नाही.

'मिस ब्रिल' (१९२०) ही कथा याहून धारदार. बागेत एकट्या बसणाऱ्या प्रौढेची एक तरुण जोडपे टिंगल करते. घरी येऊन ती गळ्यातील फर पेटीत ठेवते, तेव्हा तिला कोणीतरी रडल्याचा भास होतो. रडते कोण, हे कथा सांगत नाही.

१९१७च्या अखेरीस तिला क्षयाचे निदान झाले होते. उत्तम कथांपैकी बहुतेक त्यानंतरच्या. ९ जानेवारी १९२३ रोजी फ्रान्समधील फॉन्तेनब्लो येथे तिचे निधन झाले, वयाच्या अवघ्या ३४व्या वर्षी.