भीमेच्या माशांचा पहिला दप्तरदार

भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या बेचक्यात इंदापूर तालुका वसला आहे. बारामतीची शीव धरून आलेली नीरा येथेच, नरसिंहपूरला, भीमेला मिळते. भीमेच्या या खोऱ्यातील माशांची पहिली शास्त्रीय यादी कोणा प्राध्यापकाने नव्हे, तर एका लष्करी अधिकाऱ्याने केली. त्याचे नाव कर्नल विल्यम हेन्री साइक्स. आज बाहेरून आलेल्या माशांनी येथील मूळ माशांना मागे रेटले असताना, काय होते आणि काय उरले हे ताडून पाहण्यासाठी त्याच यादीचा आधार घ्यावा लागतो.

साइक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी झाला. १८०४ मध्ये, वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत अधिकारी झाले. पुढच्याच वर्षी लॉर्ड लेकच्या हाताखाली भरतपूरचा वेढा त्यांनी अनुभवला. १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या फौजेसमोर उभ्या ठाकलेल्या कंपनीच्या सैन्यात ते होते. तलवारीच्या बळावर जिंकलेला हा मुलूख पुढे मोजण्याचे आणि नोंदण्याचे काम त्यांच्याकडे यावे, हा इतिहासाचा योगायोग म्हटला पाहिजे.

१८२४ मध्ये मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांची सांख्यिकी वृत्तनिवेदक म्हणून नेमणूक केली. जमीनधारा, पिके, लोकसंख्या, पाऊसपाणी अशी माहिती गोळा करीत त्यांनी दख्खन पालथी घातली. १८२९ मध्ये हे पद रद्द झाले, तरी अंगावर घेतलेले काम पुरे करूनच १८३१ मध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला.

या भटकंतीत त्यांनी दख्खनमधील प्राणी आणि पक्षी टिपले. १८३२ मध्ये त्यांची पक्ष्यांची सूची प्रसिद्ध झाली. ओढ्याकाठी दिसणाऱ्या वंचकाचे शास्त्रीय वर्णन प्रथम त्यांनीच केले. माशांवरील त्यांचा प्रबंध लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने चित्रांसह १८४१ मध्ये छापला. त्यात चाळीसहून अधिक जातींचे वर्णन आहे. भीमा, इंद्रायणी, मुळा-मुठा या नद्यांतून ते मासे मिळाले होते. इंदापूरच्या वरच्या अंगाला असलेल्या पेडगावच्या भीमेतील मासेही त्यांत आहेत.

या प्रबंधाची एक खासियत मराठी माणसाला विशेष वाटावी अशी आहे. साइक्स यांनी अनेक माशांना लॅटिन किंवा ग्रीक नावे न देता स्थानिक लोकांच्या तोंडची नावेच दिली. कोळशीचा ‘कोलस’ झाला, शिंगाळ्याचा ‘सींघाला’, मळ्याचा ‘मुल्या’. रोहटी हे तर एका संपूर्ण प्रजातीचे नाव ठरले. जाळे टाकणाऱ्या निरक्षर माणसांचे ज्ञान अशा रीतीने जगाच्या शास्त्रीय दप्तरात दाखल झाले.

मायदेशी परतल्यावर साइक्स यांचा मान वाढत गेला. १८३४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १८४० मध्ये कंपनीचे संचालक, पुढे अध्यक्ष, आणि १८५७ पासून अखेरपर्यंत अ‍ॅबर्डीनचे खासदार, अशी त्यांची वाटचाल झाली. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर चारच वर्षांनी इंग्लंडमधील चेशायरमध्ये उत्तर अमेरिकेतील राखाडी खारी सोडण्यात आल्या. अशाच आणून सोडलेल्या खारींच्या वंशाने पुढे तेथील मूळ लाल खारीला बहुतेक मुलखातून हुसकावले.

भीमेतही जवळपास तेच घडले. मूळची आफ्रिकेतील तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणली गेली. उजनीचे कोळी-भोई तिला चिलापी म्हणतात. तिची मादी अंडी तोंडात सांभाळते आणि वर्षातून अनेकदा वीण होते. कोळशीसारखे मूळ मासे मात्र पावसाळ्यातील वाहत्या पाण्याची वाट पाहतात. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि भिगवण, पळसदेवच्या परिसरात भीमेचे वाहणे थांबून तिचा जलाशय झाला. संथ पाणी पाहुण्याला मानवले, घरच्याला नाही. गंगेच्या खोऱ्यातील कटला, रोहू, मृगळही जलाशयात सोडले गेले. आफ्रिकी मांगूर या मांसभक्षक माशाच्या संवर्धनावर बंदी असूनही तो या भागात चोरून पाळला गेला, आणि प्रशासनाला कारवाया कराव्या लागल्या.

अर्थात, चिलापीला केवळ खलनायक ठरवणे न्यायाचे होणार नाही. धरणात जमिनी गेलेल्या अनेक कुटुंबांच्या चुली तिच्यावर पेटल्या, आणि भिगवणचा मासळी बाजारही तिने भरला. पण साइक्स यांनी चाकणजवळच्या इंद्रायणीतून नोंदलेला ‘नुक्ता’ आज जागतिक यादीत संकटग्रस्त आहे, तर कोळशी असुरक्षित ठरली आहे. मासा जाळ्यात येईनासा झाला की त्याचे नावही हळूहळू बोलण्यातून जाते. साइक्स यांच्या प्रबंधात ही मराठी नावे शाबूत राहिली आहेत. त्या नावांचे मासे शाबूत राखणे आता नदीकाठच्या आणि नदीचे पाणी पिणाऱ्या शहरांच्याही हाती आहे.