विश्लेषण : चेंडू दिला, मग कर्णधारपद का नाही? बाळू पालवणकरांच्या कहाणीतून समजून घ्या क्रिकेट

क्रिकेट नव्याने पाहायला लागलेल्यांना चौकार, षटकार आणि बळी लवकर कळतात. कर्णधार मैदानावर नेमके काय करतो, हे मात्र चटकन लक्षात येत नाही. शंभरेक वर्षांपूर्वी याच कर्णधारपदावरून मुंबईत मोठा वाद झाला होता. त्याच्या केंद्रस्थानी होते त्या काळातले भारताचे सर्वोत्तम गोलंदाज बाळू पालवणकर.

कोण होते बाळू पालवणकर?

बाळू यांचा जन्म १८७६ मध्ये धारवाडला झाला. कुटुंब मूळचे कोकणातले, जात चांभार आणि वडील लष्करात नोकरीला. त्यामुळे बाळू यांचे लहानपण पुण्याच्या लष्करी वातावरणात गेले. पुण्यातल्या एका पारशी क्लबात मैदान झाडायचे आणि खेळपट्टीवर रोलर फिरवायचे काम त्यांना मिळाले. पगार होता महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या क्लबात चार रुपयांवर रुजू झाले. तिथे सरावासाठी जाळी बांधणे हेही त्यांचेच काम होते.

मैदानावरचा नोकर गोलंदाज कसा झाला?

क्रिकेटमध्ये ११ खेळाडूंचे दोन संघ असतात. एक संघ फलंदाजी करून धावा काढतो. दुसरा संघ गोलंदाजी आणि क्षेत्ररक्षण करून त्यांना बाद करतो. फलंदाजाला सराव हवा असेल, तर कुणीतरी तासन् तास चेंडू टाकावे लागतात. क्लबातल्या इंग्रज खेळाडूंसाठी हे कष्टाचे काम बाळू करत. त्यात जे. जी. ग्रेग हे तेव्हाचे नावाजलेले फलंदाजही होते. आपल्याला बाद केले की ग्रेग बाळूंना आठ आणे बक्षीस देत, असे सांगितले जाते.

चेंडू हातात मिळाला, तरी बॅट मात्र मिळाली नाही. फलंदाजी ही साहेबांची हौस होती आणि गोलंदाजी ही नोकराची मेहनत.

डावखुऱ्या फिरकीत विशेष काय?

वेगवान गोलंदाज वेगाच्या जोरावर बळी घेतो. फिरकी गोलंदाज चेंडू हळू टाकतो, पण बोटांनी त्याला गिरकी देतो. त्यामुळे टप्पा पडल्यावर चेंडू दिशा बदलतो. डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचा चेंडू साधारणपणे उजव्या हाताच्या फलंदाजापासून दूर जातो. बॅटची कड लागून झेल उडण्याची शक्यता त्यामुळे वाढते. बाळू हे असेच डावखुरे फिरकी गोलंदाज होते. टप्पा, वेग आणि उंची यांत सतत बदल करत ते फलंदाजाला चकवत.

संघात घेतले, पण पंगतीत?

पुण्यातल्या हिंदू खेळाडूंच्या संघाला युरोपियनांना हरवायचे होते आणि त्यासाठी बाळू हवे होते. त्यांना घ्यावे की नाही यावर संघात मतभेद झाले, पण अखेर त्यांना घेण्यात आले. मैदानावर सगळे एकच चेंडू हाताळत. चहाची वेळ झाली, की इतरांना पॅव्हेलियनमध्ये कपात चहा मिळे. बाळूंना तो बाहेर, मातीच्या भांड्यात दिला जाई. त्यांचे जेवणही वेगळे होते.

१९०६ चा सामना इतका महत्त्वाचा का?

पुढे बाळू मुंबईला आले आणि हिंदू जिमखान्याच्या संघाकडून खेळू लागले. तेव्हाच्या मुंबईत युरोपियन, पारशी आणि हिंदू असे धर्मावर आधारलेले संघ होते. १९१२ पासून मुस्लिम संघही आला आणि स्पर्धा चौरंगी झाली.

१९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना हरवले. या सामन्यातून निकालाचे गणितही समजते. मोठ्या सामन्यात प्रत्येक संघाला फलंदाजीची दोनदा संधी मिळते. प्रत्येक संधीला डाव म्हणतात. हिंदू संघाने २४२ आणि १६० म्हणजे एकूण ४०२ धावा केल्या. युरोपियन संघ १९१ आणि १०२ वर, म्हणजे एकूण २९३ वर आटोपला. फरक १०९ धावांचा. या विजयात बाळू यांच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. त्यांचे धाकटे भाऊ शिवराम हेही त्या संघात होते.

इंग्लंड दौऱ्यात काय घडले?

१९११ मध्ये अखिल भारतीय संघ पहिल्यांदा इंग्लंडला गेला. कर्णधार होते पतियाळाचे १९ वर्षांचे महाराजा भूपिंदर सिंग. ते मोजकेच सामने खेळले. संघाने २३ पैकी १५ सामने गमावले आणि ६ जिंकले. पस्तिशीतल्या बाळू यांनी मात्र दौऱ्यात ११४ बळी घेतले. त्यांची सरासरी होती १८.८४. म्हणजे एका बळीमागे त्यांनी साधारण १९ धावा दिल्या. गोलंदाजाची सरासरी जितकी कमी, तितकी चांगली.

कर्णधाराचे काम काय?

फुटबॉलमध्ये बरेच निर्णय प्रशिक्षक घेतो. क्रिकेटमध्ये सामना सुरू झाला, की सूत्रे कर्णधाराकडे जातात. सहा चेंडूंचे एक षटक असते आणि एकाच गोलंदाजाला सलग दोन षटके टाकता येत नाहीत. पुढचे षटक कुणी टाकायचे, कोणता क्षेत्ररक्षक कुठे उभा राहणार, डाव कधी घोषित करायचा, हे कर्णधार ठरवतो. बाकीच्या दहा जणांनी ते ऐकायचे असते.

बाळूंच्या बाबतीत अडचण नेमकी इथेच होती. ते बळी घेत होते, तोवर संघाची हरकत नव्हती. पण ते कर्णधार झाले, तर सवर्ण खेळाडूंना त्यांचा शब्द पाळावा लागला असता.

१९२० मध्ये वाद का झाला?

१९२० च्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाचे कर्णधार म. दा. पै पहिल्या सामन्यात खेळू शकले नाहीत. ज्येष्ठतेने बाळू यांचा हक्क होता. प्रत्यक्षात त्यांना संघातूनच वगळले गेले आणि कर्णधारपद त्यांच्याहून बरेच लहान असलेल्या दि. ब. देवधरांकडे गेले. निषेध म्हणून विठ्ठल आणि शिवराम या भावांनी संघातून माघार घेतली. प्रकरण गाजले. पुढच्या सामन्यात पै परतले, बाळू उपकर्णधार झाले आणि भाऊही संघात आले. पै मैदानाबाहेर गेल्यावर काही काळ नेतृत्व बाळूंनी केले. त्यांच्या वाट्याला आलेले नेतृत्व एवढेच.

१९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने स्पर्धा जिंकली.

राजकारणात आंबेडकरांविरुद्ध का लढले?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तरुणपणी बाळू यांच्याबद्दल आदर होता. पुढे राजकीय वाटा वेगळ्या झाल्या. बाळू गांधीजींच्या बाजूने होते. १९३२ च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत त्यांचेही नाव आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट आंबेडकरांसमोर उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते मिळाली. १९५५ मध्ये मुंबईत बाळू यांचे निधन झाले.

आकड्यांत त्यांचे स्थान काय?

प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१. भारताने पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये खेळला. तेव्हा बाळू ५६ वर्षांचे होते. त्यामुळे कसोटीच्या नोंदींत ते सापडत नाहीत. प्रथम श्रेणीच्या नोंदींत त्यांचे सगळे बळी आहेत, पण १९२० मध्ये नाकारलेल्या कर्णधारपदासाठी तिथे रकानाच नाही.