सरांना द्यायचं राहिलेलं उत्तर

आठवीत असताना वक्तृत्व स्पर्धेत मी लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर यांच्यावर बोलले होते. टाळ्या खूप पडल्या, दुसरा नंबरही आला. नंतर इतिहासाच्या सरांनी व्हरांड्यात थांबवून एवढंच विचारलं, की ते शहीद झाले हे कळलं, पण त्यांनी नेमकं केलं काय? मला सांगता आलं नाही. भाषणात नुसती विशेषणं होती. वर्गातल्या मैत्रिणींना हा प्रसंग आठवत असेल, कारण मी दोन दिवस रुसून बसले होते. स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा ती थकबाकी आठवली.

तारापोर जन्मले मुंबईत, १८ ऑगस्ट १९२३ ला. शिकले मात्र आपल्या पुण्यात, कॅम्पातल्या सरदार दस्तूर शाळेत. अभ्यासात बेताचे, पण पोहणं, टेनिस, मैदानी खेळ यांत पुढे. घराण्याचं तारापोर हे नाव पडलं ते शिवरायांच्या सैन्यातल्या एका पूर्वजाला इनाम मिळालेल्या गावावरून, असं सांगतात.

१९४२ मध्ये ते हैदराबाद संस्थानाच्या पायदळात अधिकारी झाले. मन होतं रणगाड्यांत. एकदा हातबॉम्ब फेकण्याच्या सरावात एक नवा जवान घाबरला आणि बॉम्ब जवळच पडला. तारापोरांनी उडी मारून तो उचलला नि दूर भिरकावला. तो हवेतच फुटला आणि तुकडे त्यांच्या छातीत घुसले. पाहणीला आलेले संस्थानचे सेनापती एल एद्रूस यांनी नंतर बोलावून शाबासकी दिली, तेव्हा या गृहस्थांनी बक्षीस म्हणून बदली मागून घेतली!

१९४८ मध्ये हैदराबादच्या फौजेने जनरल चौधरींपुढे शस्त्रं ठेवली. तारापोर पुढे भारतीय सेनेच्या पूना हॉर्समध्ये आले, आणि १९६५ साली त्याच रेजिमेंटचे प्रमुख म्हणून युद्धावर गेले, तेव्हा लष्करप्रमुख होते तेच जनरल चौधरी. भाषणात हे मला कुणी सांगितलं असतं तर!

आता सरांचा प्रश्न. ११ सप्टेंबर १९६५. सियालकोट आघाडीवर फिल्लोरा घ्यायचं होतं. वझीरवालीच्या बाजूने शत्रूच्या रणगाड्यांचा जोरदार प्रतिहल्ला आला. तारापोर जागेवरून हलले नाहीत. तो मारा सुरू असतानाच एक स्क्वाड्रन आणि पायदळ घेऊन त्यांनी फिल्लोऱ्यावर चढाई केली. जखमी झाले, पण मागे जायला साफ नकार दिला. १४ तारखेला तशाच अवस्थेत वझीरवाली घेतलं. १६ ला जस्सोरान आणि बुतूर-डोगरांदी. चविंडावर पायदळाला मागच्या बाजूने हल्ला करता यावा म्हणून या दोन जागा धरून ठेवणं गरजेचं होतं. त्यांच्या स्वतःच्या रणगाड्यावर अनेक गोळे आदळले, तरी त्यांनी जागा सोडली नाही. त्याच दिवशी ते गेले. वय ४२.

त्या लढायांत रेजिमेंटने शत्रूचे सुमारे ६० रणगाडे निकामी केले आणि स्वतःचे ९ गमावले, असं परमवीर चक्राच्या मानपत्रात नोंदलं आहे. नोकरीमुळे कुठलाही आकडा दिसला की मी तो कुठून आला ते बघते, म्हणून हा उल्लेख. चविंडा मात्र शेवटपर्यंत हाती आलं नाही, आणि जिंकलेला मुलूख ताश्कंद करारानंतर परत गेला. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. पायदळाच्या ज्या पोरांसाठी ते उभे राहिले, त्यांच्या दृष्टीने मात्र हिशेब वेगळा असणार.

एक गोष्ट माझ्या भाषणात तेव्हा यायला हवी होती. त्यांनी आपल्या दुय्यम अधिकाऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं, की आपल्याला काही झालं तर रणांगणावरच दहन करावं. प्रार्थनेचं पुस्तक आईला, सोन्याची साखळी पत्नीला आणि फाउंटन पेन मुलाला द्यावं. दहन तिथेच झालं. धुराचा लोट दिसला की तिथे गोळे पडणार हे ठाऊक असूनही त्यांच्या माणसांनी ते केलं.

सर संमेलनाला येणार असल्याचं कळलंय. पुढचे प्रश्न त्यांनी तेव्हा विचारावेत, या वेळी मी रुसणार नाही.