नवरा ख्रिस्ती झाला, तरी त्या पाच वर्षं अडून राहिल्या : लक्ष्मीबाई टिळकांनी धर्म कसा बदलला?

शाळेत मराठीच्या पुस्तकात ‘स्मृतिचित्रे’मधला एखादा उतारा तुम्ही वाचला असेल. विसरभोळा नवरा, त्याच्यावर वैतागणारी पण त्याच्यावर जीव असलेली बायको आणि घरातला सततचा गोंधळ. वाचताना हसू येतं, परीक्षेत त्यावर पाच मार्कांचा प्रश्न येतो आणि विषय तिथेच संपतो.

पण त्या गोंधळामागची गोष्ट खूप मोठी आहे. एका ब्राह्मण घरातला कर्ता पुरुष एक दिवस बायकोला न सांगता ख्रिस्ती होतो. बायको त्याच्यामागे जायला नकार देते. पाच वर्षांनी तीच बायको बाप्तिस्मा घेते, पण नवऱ्याने सांगितलं म्हणून नाही. त्याआधी तिने एक वेगळीच गोष्ट सोडलेली असते.

ही गोष्ट आहे लक्ष्मीबाई टिळकांची.

मीठसुद्धा धुवून घेणारं घर

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. घरात सगळे मनू म्हणायचे.

मनूच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी फाशी दिली होती. त्या घटनेचा मनूच्या वडिलांच्या मनावर विलक्षण परिणाम झाला आणि त्यांना सोवळ्याचं वेड लागलं. सोवळं म्हणजे विटाळ होऊ नये म्हणून पाळायची शुद्धता. कुणाला शिवायचं, कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, कुठलं कापड नेसून स्वयंपाक करायचा, याचे नियम तेव्हा बहुतेक ब्राह्मण घरांत असायचे. पण गोखल्यांच्या घरात हे प्रकरण टोकाला गेलं होतं. बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुवून घेतलं जायचं. आता मीठ धुतल्यावर त्यातलं किती उरत असेल, याचा विचार तुम्हीच करा.

या सगळ्याचा त्रास घरातल्या बायका-मुलांना व्हायचा. मनूच्या डोक्यात लहानपणीच एक गोष्ट पक्की बसली होती. धर्म म्हणजे काय, तर कुणाला शिवायचं आणि कुणाला नाही.

मनू ११ वर्षांची असताना तिचं लग्न झालं. नवऱ्याचं नाव नारायण वामन टिळक. लग्नानंतर ती लक्ष्मी झाली.

नवरा कवी, घर वाऱ्यावर

नारायण वामन टिळक म्हणजे रेव्हरंड टिळक. ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून मराठी साहित्यात त्यांची ओळख आहे. त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. आई लवकर गेली, वडील अतिशय कडक. मुलगा लहान वयातच घराबाहेर पडला. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे तो संस्कृत शिकला.

बुद्धी तल्लख, वाणी गोड, पण एका जागी पाय टिकेल तर शपथ. कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी लेखक. घरात न सांगता निघून जायचं, काही दिवसांनी परत यायचं. हातात पैसे आले की समोर जो गरजू दिसेल त्याला देऊन टाकायचे. संध्याकाळी चूल कशी पेटणार, ही काळजी मात्र लक्ष्मीबाईंनी करायची.

टिळकांच्या डोक्यात आणखी एक विचार सतत घोळत होता. जातिभेदाने देश पोखरला आहे, तेव्हा माणसाला माणूस मानणारा एखादा नवा धर्म हवा, असं त्यांना वाटायचं. तो आपणच काढावा, इथपर्यंत त्यांची तयारी होती.

१८९३ साली ते रेल्वेने राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. गप्पा कवितेवरून धर्मावर गेल्या. उतरताना त्या गृहस्थांनी टिळकांना बायबलमधला नवा करार भेट दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं. टिळकांनी पुस्तक उत्सुकतेपोटी वाचायला घेतलं आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थबकले. शत्रूवरही प्रेम करा, असं सांगणारी ती शिकवण त्यांना सोडवेना.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला याची कल्पनाही नव्हती.

ना विधवा, ना सवाष्ण

बातमी आली तेव्हा लक्ष्मीबाई २६ वर्षांच्या होत्या. पदरात लहानगा मुलगा होता, दत्तू.

त्या काळात धर्मांतर म्हणजे काय होतं, हे आज समजायला थोडं अवघड आहे. ते एका माणसाचं नसायचं. माणूस ख्रिस्ती झाला की जात त्याला बाहेर टाकायची, नातेवाईक त्याला मेलेला मानायचे. बायकोने त्याच्यामागे जायचं ठरवलं, तर तिचंही माहेर कायमचं तुटायचं. नाही जायचं ठरवलं, तर नवरा जिवंत असून एकटीने दिवस काढायचे. विधवा म्हणावं तर कपाळावर कुंकू आहे, सवाष्ण म्हणावं तर संसार नाही.

यात कायद्याचीही बाजू होती. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाणार नाही, असा कायदा इंग्रजांनी १८५० साली केला होता. १८६६ साली आणखी एक कायदा आला. त्यानुसार, ख्रिस्ती झालेल्या माणसासोबत त्याचा जोडीदार केवळ धर्म बदलला म्हणून राहायला तयार नसेल, तर ख्रिस्ती झालेल्या माणसाला कोर्टात जाऊन ते लग्न मोडता येत होतं आणि पुन्हा लग्नही करता येत होतं.

म्हणजे टिळकांना कायद्याने वाट मोकळी होती. त्यांनी ती धरली नाही. ते लक्ष्मीबाईंना पत्रं लिहीत राहिले, वाट बघत राहिले. बाकी संसारात बेफिकीर असलेल्या या माणसाने इथे मात्र पाय रोवले.

लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन पंढरपूरला नातेवाइकांकडे राहिल्या. नवऱ्यावर राग होता, ओढही होती. लोक सल्ले देत होते, टोमणे मारत होते. मुलाला बाप हवा, हे त्यांना कळत होतं. पण नवऱ्याकडे जायचं म्हणजे बाटायचं, ही भीती त्याहून मोठी होती. मीठ धुणाऱ्या घरातली ती मुलगी होती.

एका घरात दोन चुली

काही वर्षांनी लक्ष्मीबाईंनी नवऱ्याकडे जायचं ठरवलं. टिळक तेव्हा अहमदनगरला म्हणजे आजच्या अहिल्यानगरला होते. तिथे अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासून चालू होतं.

लक्ष्मीबाई आल्या, पण ख्रिस्ती म्हणून नाही. त्यांनी आपलं सोवळं वेगळं ठेवलं, स्वयंपाक वेगळा ठेवला, पाणी वेगळं ठेवलं. नवरा ख्रिस्ती, बायको हिंदू आणि मधे मुलगा, असा तो संसार होता. टिळकांनीही त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. बायकोच्या धर्माचा निर्णय बायकोनेच घ्यायचा, हे त्यांनी मानलं. १९ व्या शतकातल्या नवऱ्यासाठी ही साधी गोष्ट नव्हती.

आता इथे एक मुद्दा लक्षात घ्या. नगर जिल्ह्यात मिशनच्या चर्चमध्ये येणारे बहुतेक ख्रिस्ती हे महार आणि मांग समाजातून आलेले होते. म्हणजे लक्ष्मीबाईंच्या लहानपणी ज्यांची सावलीसुद्धा चालत नव्हती, तीच माणसं आता नवऱ्याची भावंडं म्हणून घरात येत होती. नुसता देव बदलायचा प्रश्न असता तर कदाचित सोपं गेलं असतं. खरा प्रश्न पाण्याच्या माठाचा होता.

नगर जिल्ह्यातल्या राहुरीला राहत असताना हा प्रश्न सुटला. कुणी प्रवचन दिलं नाही, कुणी वाद घातला नाही. लक्ष्मीबाई स्वतःशीच विचार करत होत्या. देवाने पशुपक्ष्यांमध्ये वेगवेगळ्या जाती केल्या, त्या दिसायलाही वेगळ्या आहेत. मग माणसांमधली जात कुठे दिसते? ब्राह्मणाचं आणि महाराचं शरीर सारखंच, जन्म सारखा, मरण सारखं. म्हणजे ही जात देवाची नाही, माणसानेच केलेली आहे.

एकदा हे पटल्यावर त्यांनी मागेपुढे पाहिलं नाही. यापुढे कुणाच्याही हातचं खाईन, कुणाच्याही हातचं पिईन, असं ठरवलं आणि तसं वागायला सुरुवात केली.

यात क्रम महत्त्वाचा आहे. लक्ष्मीबाईंनी आधी जात सोडली. तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या. ख्रिस्ती श्रद्धा त्यानंतर हळूहळू आली आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या बाप्तिस्म्याला तेव्हा पाच वर्षं झाली होती.

श्रद्धा घरात आली, सोबत माणसंही आली

लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या तो काळ मोठ्या दुष्काळाचा होता. १८९९-१९०० च्या छप्पनिया दुष्काळात गावंच्या गावं उजाड झाली. अनेक मुलं अनाथ झाली. टिळकांच्या घरात अशी मुलं यायला लागली. बहुतेक वेळा टिळक त्यांना न विचारता घेऊन यायचे आणि त्यांचं खाणंपिणं, आजारपण, भांडणं लक्ष्मीबाईंच्या वाट्याला यायची. प्लेगच्या साथीत लोक रुग्णाला टाकून गाव सोडत होते, तेव्हा या नवरा-बायकोने आजाऱ्यांची सेवा केली. एके काळी स्पर्शाला घाबरणारी बाई आता प्लेगच्या रुग्णांना हात लावत होती.

घराचं दार फक्त ख्रिस्ती लोकांसाठी उघडं होतं असंही नाही. १९०७ साली जळगावला कविसंमेलन झालं. तिथे त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या कोवळ्या मुलाने कविता म्हटली. हेच आपले बालकवी. पुढे बालकवी नगरला टिळकांकडे राहायला आले. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखं सांभाळलं. बालकवी हिंदूच राहिले आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

हे घर आदर्श होतं, असं मात्र समजू नका. दोघेही तापट होते. भांडणं व्हायची, अबोला धरला जायचा. टिळकांच्या दानशूरपणाची किंमत घरातल्या डब्यांना मोजावी लागायची. ख्रिस्ती झाल्यामुळे टिळकांचा स्वभाव बदलला असं झालं नाही आणि लक्ष्मीबाईंनीही पुढे लिहिताना ते अजिबात लपवलं नाही. नवऱ्यावर प्रेम करायचं म्हणजे त्याच्या चुकांवर पांघरूण घालायचं, असं त्यांना वाटत नव्हतं.

ख्रिस्ती, पण साहेबी नाही

टिळकांना धर्म बदलायचा होता, देश नाही. ख्रिस्ती झालं की साहेबासारखं राहायचं, ही कल्पना त्यांना मान्य नव्हती. त्यांनी ख्रिस्ती विषयांवर कीर्तनं केली, अभंग रचले, शेकडो भक्तिगीतं लिहिली. मराठी चर्चमध्ये ती आजही गायली जातात. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असं ते मानायचे. ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या पत्राच्या मराठी विभागाचं संपादनही त्यांनी १९१२ पासून केलं.

१९१७ साली त्यांनी मिशनचं काम आणि पगार दोन्ही सोडलं आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सगळ्यांनी इथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र यावं, अशी ती कल्पना होती. पगार नाही म्हटल्यावर घराचं काय, हा प्रश्न पुन्हा एकदा लक्ष्मीबाईंच्या समोर होताच.

९ मे १९१९ ला मुंबईत टिळकांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन न करता त्यांना अग्नी देण्यात आला.

जोडाक्षरांशी झगडत लिहिलेलं पुस्तक

लक्ष्मीबाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या. अक्षरओळख लग्नानंतर झाली, शुद्धलेखन तर शेवटपर्यंत कच्चंच राहिलं. पण त्यांनी जे केलं ते थक्क करणारं आहे.

टिळकांनी येशूच्या जीवनावर ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लिहायला घेतलं होतं. ते जेमतेम दहा अध्यायांपर्यंत पोहोचलं. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहून ते पूर्ण केलं.

दुसरं काम म्हणजे ‘स्मृतिचित्रे’. दत्तू म्हणजे देवदत्त टिळकांना वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. त्यासाठी त्यांनी आईला आठवणी लिहून मागितल्या. त्या आठवणींचंच मराठीतलं एक थोर आत्मचरित्र झालं. पहिला भाग १९३४ साली आला. २४ फेब्रुवारी १९३६ ला लक्ष्मीबाई गेल्या. शेवटचा भाग त्यानंतर प्रसिद्ध झाला.

या पुस्तकात ख्रिस्ती झालेल्या बाईने हिंदू नातेवाइकांना कुठेही वाईट ठरवलेलं नाही. ज्यांनी पंढरपूरला आधार दिला, त्यांच्याबद्दल कृतज्ञता आहे. सोवळ्याने घराला छळणाऱ्या वडिलांबद्दलही कडवटपणा नाही, उलट हसूच आहे. नव्या धर्माची जाहिरात नाही आणि जुन्याची निंदाही नाही.

आज कुणी धर्म बदलला, की सोशल मीडियावर दोनच प्रश्न विचारले जातात. कुणी फसवलं? किती पैसे दिले? लक्ष्मीबाईंच्या बाबतीत या दोन्ही प्रश्नांना जागाच नाही. नवऱ्याचा दबाव असता तर पाच वर्षं लागली नसती. पैशाचा मोह असता, तर पगार वाटून टाकणाऱ्या माणसाच्या घरी त्या परत आल्या नसत्या. त्यांना वेळ लागला, कारण त्या स्वतः विचार करत होत्या.

‘स्मृतिचित्रे’ आजही सहज मिळतं. शांता गोखले यांनी केलेला पूर्ण इंग्रजी अनुवादही २०१७ साली आला आहे. शाळेतला तो विनोदी उतारा आठवत असेल, तर आता पूर्ण पुस्तक वाचा. त्यातल्या पाण्याच्या माठाकडे जरा नीट बघा.