फादर थॉमस स्टीफन्स आणि मुलांचे पुस्तक

मराठीची थोरवी गाणाऱ्या ‘ख्रिस्तपुराणा’तील ओव्या आपल्यापैकी अनेकांनी पाठ केल्या असतील. त्या रचणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी खास लहान मुलांसाठीही एक पुस्तक लिहिले होते, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. म्हणून या अंकात आम्ही त्यांचे चरित्र देत आहोत.

त्यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिकांना आपला धर्म पाळणे कठीण झाले होते. थॉमस रोमला गेले आणि १५७५ साली जेझुइट संघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज २४ ऑक्टोबरला गोव्यास लागले. पुढची सुमारे चाळीस वर्षे त्यांनी मुख्यतः आपल्या साष्टीत काढली.

तो काळ सुखाचा नव्हता. १५६७ साली साष्टीतील देवळे पाडली गेली होती. त्याआधी, १५५९ मध्ये, आईबाप व आजाआजी नसलेल्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती करावे असा पोर्तुगीज राजाचा हुकूम निघाला होता. १५८३ साली कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले. बालपणीचे धर्मशिक्षण म्हणताना त्यामागची ही सक्ती झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. फादर त्याच व्यवस्थेचे पाईक होते.

मुलांना लहानपणीच धर्म शिकवावा, हा विचार काही त्यांचा नव्हे. १५४२ साली सेंट फ्रान्सिस झेवियर गोव्याच्या रस्त्यांतून घंटा वाजवीत मुले गोळा करीत असत. पण परक्या भाषेतील प्रार्थना मुलांच्या तोंडी बसली, तरी तिचा अर्थ कळतोच असे नाही. स्टीफन्स यांनी आधी इथली भाषा शिकून घेतली, आणि नुसती कामापुरती नव्हे. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी इथल्या भाषांचे ग्रीक व लॅटिनशी असलेले साम्य नोंदवले आहे. दोनशे वर्षांनी पंडितांनी ज्या गोष्टीचा गाजावाजा केला, ती या पाद्रीबुवांना इतक्या आधी दिसली होती!

मुलांसाठी त्यांनी निवडली ती घरात बोलली जाणारी कोकणी. मार्कुस जॉर्ज यांच्या पोर्तुगीज पुस्तकाच्या आधाराने त्यांनी ‘दौत्रिना क्रिस्तां’ रचले. सगळी मांडणी प्रश्नोत्तरांची. हे पुस्तक मुलांना शिकवण्यासाठी आहे, असे त्याच्या लांबलचक नावातच सांगितलेले आहे.

थोरांची गरज वेगळी होती. जुनी पुराणे सुटली, त्यांच्या जागी आम्हांला काही द्या, अशी एका नवख्रिस्ती ब्राह्मणाची मागणी ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभीच येते. त्यासाठी फादरांनी मराठी घेतली, मधून मधून कोकणी शब्द पेरले आणि छंद घेतला ओवीचा. सुमारे ११,००० ओव्यांत बायबलचा जुना करार आणि ख्रिस्ताचे चरित्र आले. स्वर्गाला त्यांनी खुशाल वैकुंठ म्हटले. १६१६ साली राशोलच्या छापखान्यात हा ग्रंथ निघाला, तोही रोमन लिपीत. देशी अक्षरांचे खिळे पाडावेत म्हणून १६०८ मध्ये त्यांनी रोमला लिहिले होते, पण ते जमले नाही.

१६१९ साली फादर वारले. मुलांचे पुस्तक छापलेले त्यांनी पाहिलेच नाही. ते १६२२ मध्ये राशोललाच निघाले. त्यांचे कोकणी व्याकरण तर १६४० साली बाहेर पडले.

पुढे १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. ज्या भाषेत मुलांना देव समजावून दिला, तीच टाकायला सांगितली गेली. ‘ख्रिस्तपुराणा’च्या मूळ छापील आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखिते उरली, त्यांवरून १९०७ साली मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला गेला आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी तो पुण्याहून देवनागरीत आणला. मुलांच्या त्या छोट्या पुस्तकाची एक जुनी प्रत लिस्बनला आणि एक व्हॅटिकनच्या ग्रंथालयात राहिली. तिच्या पानांची हुबेहूब आवृत्ती १९४५ साली निघाली, तीही लिस्बनला.