बार्बरा मॅक्लिंटॉक

ता. १६ जून १९०२ रोजीं अमेरिकेंतील हार्टफर्ड येथें बार्बरा मॅक्लिंटॉक यांचा जन्म झाला. मुलगी फार शिकली तर तिचें लग्न जमणार नाहीं, अशी आईची भीति. परंतु वडिलांनीं संमति दिली व १९१९ सालीं त्या कॉर्नेल विद्यापीठांत दाखल झाल्या. १९२७ सालीं त्या डॉक्टर झाल्या.

पुढें कोल्ड स्प्रिंग हार्बर येथें त्या मक्याचें पीक काढून अभ्यास करीत. दाण्यांवर निरनिराळे ठिपके कां उमटतात, हें शोधतांना त्यांना आढळलें कीं, आनुवंशिक द्रव्याचे कांहीं तुकडे आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसतात. १९५१ सालीं त्यांनीं हें विद्वानांपुढें मांडलें. पण फार थोड्यांस तें पटलें. तेव्हां बाईंनीं त्यावर लेख छापणें बहुतेक बंद केलें; काम मात्र सोडलें नाहीं.

कालांतरानें जंतूंत व फळमाश्यांतहि असे फिरते तुकडे सांपडले, आणि १९८३ सालीं, वयाच्या ८१ व्या वर्षीं, बाईंना नोबेल पारितोषिक मिळालें. फळमाश्यांच्या एका जातींतून असा तुकडा विसाव्या शतकांत दुसऱ्या जातींत शिरला व थोड्याच दशकांत जगभर पसरला. प्रयोगशाळेंत पूर्वींपासून पाळलेल्या माश्यांत मात्र तो नव्हता. हा शोधहि त्यांच्या हयातींतच लागला. ता. २ सप्टेंबर १९९२ रोजीं त्या निवर्तल्या.

मुलांनो, आपलें खरें म्हणणें लोकांस पटेना, तरी हातचें काम टाकूं नका. पालकांनींहि त्या वडिलांची संमति ध्यानीं ठेवावी.